ऑफिसची नवी आवृत्ती टाकण्याआधी

मायक्रोसॉफ्टने ऑफिस २०१६ आणि २०१९ या दोन्ही आवृत्त्यांची देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवली. त्यानंतर वर्ड-एक्सेल बंद पडले नाहीत, आजही उघडतात. पण सुरक्षेत नव्याने सापडणारी भोके आता नियमितपणे बुजवली जात नाहीत आणि बाहेरून आलेली फाइल उघडताना धोका नेमका तिथेच असतो. म्हणून बदल करावाच, असे माझे स्पष्ट मत आहे.

मराठीत काम करणाऱ्यांची खरी अडचण मात्र फॉन्टची. श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये टाइप केलेला जुना मजकूर फाइलमध्ये देवनागरी म्हणून साठवलेलाच नसतो. आत असतात रोमन अक्षरांचे आणि चिन्हांचे संकेत. फॉन्ट त्यांना मराठी रूप देतो. नव्या संगणकावर तो फॉन्ट नसला की वर्षानुवर्षांची इतिवृत्ते, पत्रे, लेख एकदम अगम्य दिसू लागतात. घाबरून काही पुसू नका. मजकूर शाबूत असतो; फॉन्ट पुन्हा टाकला की अक्षरे परततात. कायमचा उपाय म्हणजे कन्व्हर्टर वापरून सारे युनिकोडमध्ये आणणे आणि नंतर जोडाक्षरे, रफार बारकाईने नजरेखालून घालणे. हे काम वेळखाऊ आहे, पण टाळू नये.

पैसे मोजायचे नसतील तर लिब्रेऑफिस मोफत मिळते, त्याचे मेनू मराठीतही करता येतात. एक्सेलचे मॅक्रो मात्र तिथे जसेच्या तसे चालतीलच असे नाही.

जुनी आवृत्ती काढण्याआधी सगळ्या फाइल्स आणि वापरातले फॉन्ट पेन ड्राइव्हवर उतरवून घ्या आणि दुसऱ्या संगणकावर एकदा उघडून पाहा.