लाकडाआडची ब्राउनिंग

अमेरिकेतल्या लहान गावांत बंदुकीच्या दुकानात जुन्या मालाचा एक रॅक असतोच. त्यात उभ्या केलेल्या बारा बोअरच्या बंदुकांमधली एक लांबूनही ओळखू येते. तिच्या पेटीची (रिसीव्हरची) पाठ सरळ मागे जाते आणि दस्त्यापाशी एकदम खाली तुटते. ही ब्राउनिंग ऑटो-५. शिकारी तिला प्रेमाने ‘हंपबॅक’, म्हणजे कुबडी म्हणतात. कारखान्यात मोठ्या संख्येने निघालेली ही पहिली यशस्वी अर्धस्वयंचलित शॉटगन जवळजवळ शतकभर बनत राहिली. त्यामुळे जुन्या बाजारात तिला तोटा नाही. तोटा आहे तो नीट राखलेल्या बंदुकीचा.

तिचा जन्मच भांडणातून झाला. युटातल्या ऑग्डेनचा जॉन मोझेस ब्राउनिंग वर्षानुवर्षे आपली डिझाइन्स विंचेस्टर कंपनीला एकरकमी विकत असे. या बंदुकीवर मात्र त्याने प्रत्येक नगामागे रॉयल्टी मागितली. विंचेस्टरने नकार दिला. तो रेमिंग्टनकडे गेला, तर तिथले प्रमुख मार्सेलस हार्टली १९०२ च्या जानेवारीत, ब्राउनिंग भेटीसाठी ताटकळत असतानाच वारले. मग गडी नमुना घेऊन थेट बेल्जियमला गेला आणि लिएजजवळच्या एफएन कारखान्याशी करार करून आला. रेमिंग्टननेही पुढे परवाना घेतला आणि तीच बंदूक ‘मॉडेल ११’ या नावाने १९४० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत काढली. दुसऱ्या महायुद्धात विमानांवरच्या तोफचींना उडते लक्ष्य टिपायला शिकवण्यासाठी अमेरिकी सैन्यानेही ती वापरली.

तिची सगळी करामत मागे सरकणाऱ्या नळीत आहे. बार उडाला की नळी आणि बोल्ट एकमेकांना धरून काडतुसाच्या लांबीपेक्षाही जास्त मागे येतात. तिथे बोल्ट अडकून राहतो, नळी एकटी पुढे जाते, रिकामे काडतूस बाहेर फेकले जाते आणि मग बोल्ट नवे काडतूस घेऊन पुढे येतो. एवढे वजन दर बाराला मागेपुढे धावणार म्हटल्यावर त्याला आवर हवा. तो घालतात मॅगझिनच्या नळीभोवतालची जाड स्प्रिंग, काशाचा एक ब्रेक आणि तिरकी कड असलेली पोलादी कडी. जड काडतुसांसाठी कडी स्प्रिंग आणि काशाच्या मध्ये बसवायची, तिरकी कड काशाकडे. म्हणजे ब्रेक जोरात आवळला जातो. हलक्या काडतुसांसाठी तीच कडी स्प्रिंगच्या मागे टाकायची. बस, एवढेच.

पण हे एवढेच किती मालकांनी पाळले? आजोबांनी हलक्या बारासाठी लावलेली कडी नातवाने तशीच ठेवली आणि बदकांवर जड काडतुसे झाडत राहिला, की नळी मोगरीसारखी मागे आदळते. उलट चूक केली तर नळी पुरती मागेच येत नाही, आणि ‘बंदूक अडकते’ म्हणून ती विकायला निघते. हा दुसरा प्रकार गिऱ्हाइकाच्या पथ्यावर पडतो. पाच मिनिटांत दुरुस्त होणारी बंदूक पडत्या भावात मिळते.

म्हणून तोंडाकडच्या चकाकीवर भाळू नये. बंदूक रिकामी आहे हे स्वतः बघावे आणि दुकानदाराला विचारून पुढची टोपी फिरवून नळीखालचे लाकूड काढावे. ते मागच्या बाजूला फार पातळ असते. तडा असला तर तिथेच, आणि बऱ्याचदा आतून सरस भरून बाहेरून पॉलिश केलेला. कड्या कशा लावल्यात ते बघितले की आधीच्या मालकाची अक्कल कळते. पेटीच्या मागच्या टोकाला आत फायबरची छोटी गादी असते, तिच्यावर टॉर्च टाकावा. वयाने ती दगडासारखी कडक होते किंवा तिचा भुगा होतो. मग मार थेट पोलादाला बसतो. नवी गादी स्वस्त असते, पण जुनीचा भुगा होऊनही कोणी किती काळ बार काढले ते विचारून कळत नाही. स्क्रूंच्या खाचाही पाहाव्यात. एफएनचे स्क्रू बारीक खाचेचे. बाजारातला स्क्रूड्रायव्हर घालून कोणी झगडले असेल तर कडा लगेच चिरडलेल्या दिसतात.

सर्व जागेवर ठेवून दस्ता जमिनीला टेकवावा, तोंड चेहऱ्यापासून दूर ठेवून नळी हाताने पूर्ण खाली दाबावी आणि सावकाश सोडावी. नळी न अडखळता वर यायला हवी, बोल्ट मागेच राहायला हवा.

सोळा बोअरची असेल तर आणखी एक विचारणे आले. महायुद्धाआधीच्या अनेक सोळा बोअर ब्राउनिंग ६५ मिलिमीटरच्या काडतुसांसाठी होत्या. आजचे काडतूस ७० चे. ते आत बसते, हीच फसगत. बार उडताना त्याचे तोंड उघडायला पुरती जागा मिळत नाही आणि दाब वाढतो. चेंबर मापल्याशिवाय बार काढू नये.

साठच्या दशकाच्या उत्तरार्धातल्या बेल्जियन बंदुका तर दिसायला देखण्या, पण त्यांतल्या काहींच्या दस्त्याचे अक्रोडाचे लाकूड लवकर सुकावे म्हणून मिठाने वाळवलेले. ते मीठ अजून ओल धरते आणि लाकडाला चिकटलेले पोलाद खाते. दस्त्यामागच्या पट्टीचे स्क्रू काढून बघावेत. गंज असेल तर बंदूक परत रॅकमध्ये.

बेल्जियन की जपानी, हा वाद शौकिनांत रंगतो. १९७० च्या दशकाच्या मध्यापासून ही बंदूक जपानच्या मिरोकू कारखान्यात बनू लागली. कोरीवकामाच्या आणि नावाच्या मोहाने भाव बेल्जियनला जास्त. वापरायची असेल तर माझे मत मिरोकूला. १९९१ पासून अमेरिकेत पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाच्या छऱ्यांवर देशभर बंदी आहे आणि पोलादी छरे जुन्या बेल्जियन नळीत घालू नयेत. मिरोकूच्या, तोंडाचा चोक बदलता येणाऱ्या नळ्या मात्र ते पेलतात. काहीजण बेल्जियन पेटीवर जपानी नळी चढवतात. कधी ती लगेच बसते, कधी बंदूकदुरुस्तीवाल्याकडे जावे लागते. तो खर्च धरून भाव ठरवावा, आणि मूळ नळीही पदरात पाडून घ्यावी. विकणाऱ्याला ती नकोच असते.