भार कोणावर?

सेवा करता करता आपलेच हातपाय गळाले, असा अनुभव तुम्हालाही आला असेल. पंडिता रमाबाईंचे पाहा. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्यप्रांतातून त्यांनी शेकडो उपाशी मुली आणल्या. पुण्याच्या शारदासदनात एवढ्यांना जागा कुठली! त्यात शहरात प्लेग. मग केडगावच्या जमिनीवर झोपड्या उभारल्या. रमाबाईंचे आईवडीलही उपासमारीतच गेलेले. मुलींची भूक त्यांना परकी नव्हती. पण सारा भार माझ्याच डोक्यावर, असे त्यांनी मानले नाही. उद्याच्या धान्याची काळजी प्रार्थनेत ख्रिस्तापुढे ठेवायची आणि उठून कामाला लागायचे. मुलींनाही त्यांनी विणकाम, शेती, छपाई शिकवून हाताशी घेतले. मला तर हे फार मोलाचे वाटते. पुढे या धबडग्यातच त्यांनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून बायबल मराठीत आणले. १९२२ साली त्या गेल्या, तेव्हा ते काम पुरे झाले होते.