सीमेवरचा रक्तदाब
कोलकात्यातल्या एखाद्या दवाखान्यात, दंडाला पट्टा आवळून पारा सावकाश उतरू देत डॉक्टर जेव्हा १३४ आणि ८६ हे आकडे नोंदवितात, तेव्हा तो इसम धड रोगीही ठरत नाही आणि निरोगीही. कारण वरचा दाब १२० ते १३९ किंवा खालचा ८० ते ८९ असल्यास त्या अवस्थेला अमेरिकी तज्ज्ञसमितीने २००३ साली पूर्व-उच्चरक्तदाब अशी स्वतंत्र संज्ञा दिली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत देशातील ३५.५ टक्के प्रौढ उच्चरक्तदाबाचे आढळले. सीमेवर रेंगाळणारे त्यांत धरलेले नाहीत, आणि काहीच जाणवत नसल्यामुळे ते दवाखान्याची पायरीही सहसा चढत नाहीत. तेलेभाजा (तळलेली भजी), कासुंदी (मोहरीची चटणी), मुडीतला (कुरमुऱ्यांतला) चानाचूर यांसकट दिवसाचे एकूण मीठ पाच ग्रॅमच्या आत राखणे (बंगाली गृहस्थाला हे सांगणे धाडसाचेच!) हा औषधापूर्वीचा उपाय होय.