खडी

खडी म्हणजे खाणीतील दगड फोडून केलेले कोनदार तुकडे. विदर्भात यांना गिट्टी म्हणतात. लोहमार्ग आणि घरबांधणी या दोन्ही क्षेत्रांत हा शब्द रूढ आहे. पश्चिम महाराष्ट्रात दोन्हीकडची खडी बहुधा एकाच काळ्या बेसॉल्ट दगडाची असते. तिच्याकडून अपेक्षित असलेले काम मात्र जवळजवळ उलट असते.

लोहमार्गावर खडी स्लीपरच्या खाली व दोन स्लीपरच्या मध्ये पसरतात. भारतीय रेल्वेत तिचा आकार साधारणपणे ६५ मिमीपर्यंत असतो. गाडीचा भार रुळांवरून स्लीपरवर, तेथून खडीवर येतो आणि खडीच्या थरात पसरून खालच्या भरावावर पोहोचतो. तुकड्यांच्या कडा एकमेकींत अडकत असल्याने स्लीपर जागचा हलत नाही आणि उन्हाने तापून प्रसरण पावू पाहणारे रूळही आवरले जातात. नदीतील गुळगुळीत गोटे येथे निरुपयोगी ठरतात, कारण ते घसरतात. ही खडी कशानेही सांधलेली नसते. तुकड्यांमधील पोकळ्या मुद्दाम राखलेल्या असतात. त्यांतून पावसाचे पाणी निघून जाते. त्या चिखलाने व दगडाच्या भुकटीने भरल्या की पाणी तुंबते आणि मार्ग खचू लागतो. म्हणून ठरावीक काळाने खडी उकरून, चाळून पुन्हा घालावी लागते. अतिवृष्टीत रुळांखालची खडी वाहून गेल्यास वाहतूक थांबवण्यावाचून गत्यंतर नसते.

घरबांधणीत हीच पोकळी दोष ठरते. स्लॅब, तुळया व खांब यांच्या काँक्रीटसाठी बहुधा २० मिमी व १० मिमी आकाराची खडी मिसळतात. मोठ्या तुकड्यांमधील जागा लहान तुकडे भरतात, त्यांच्यामधील जागा वाळू आणि उरलेली सिमेंट व पाणी यांचे मिश्रण. पोकळ्या राहिल्यास काँक्रीट मधमाश्यांच्या पोळ्यासारखे दिसते, पाणी आत शिरते आणि सळया गंजतात. रेल्वेची जाड खडी स्लॅबमध्ये वापरली, तर ती सळयांच्या जाळीतच अडकून बसेल.

यंत्रे येण्यापूर्वी खडी हातोड्याने फोडली जाई. तुरुंगातील सक्तमजुरीतही हे काम दिले जात असे. ‘खडी फोडायला जाणे’ हा वाक्प्रचार त्यावरूनच आला. ‘खडी चढण’ यातील विशेषणाचा अर्थ वेगळा आहे, तर खादी या कापडाशी या शब्दाचा संबंध नाही.