पेटाफ्लॉपच्या दारातला पहारेकरी

सोमवारी, 26 मे 2025 रोजी, पावसाच्या दोन बातम्या एकाच दिवशी आल्या. मोसमी पाऊस मुंबईत तोपर्यंतच्या नोंदींपेक्षा लवकर येऊन थडकला. त्याच दिवशी दिल्लीत केंद्रीय मंत्री जितेंद्र सिंह यांनी ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’ ही हवामान अंदाजाची यंत्रणा देशाला अर्पण केली. तुंबलेल्या मुंबईच्या फोटोंपुढे दुसरी बातमी कुणी फारशी वाचली नाही. कोल्हापूरनं मात्र ती नीट वाचायला हवी होती.

कारण साधं आहे. जागतिक हवामानाचं आपलं प्रारूप (मॉडेल) त्याआधी 12 किलोमीटरच्या चौकटीत विचार करायचं, या यंत्रणेत ते 6 किलोमीटरवर आलं. 12 बाय 12 म्हणजे 144 चौरस किलोमीटर. त्या एका चौकटीत आख्खी कोल्हापूर महापालिका दोनदा बसते. आपल्या जिल्ह्यात गगनबावड्याला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि शिरोळला पाचशे-सहाशेवर समाधान मानावं लागतं. पूर मात्र शिरोळलाच जास्त दिवस मुक्काम ठोकतो. अशा जिल्ह्यात चौकट लहान होणं ही चैन नव्हे, गरज आहे. 2019 आणि 2021 मध्ये कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा नदी 55 फुटांच्या पुढे गेली. 43 फूट ही धोक्याची पातळी, हे इथं शाळकरी पोरालाही पाठ आहे.

एक खबरदारी आधीच घेतो. चौकट लहान झाली म्हणून अंदाज आपोआप खरा ठरत नाही. सह्याद्रीची धार आणि तिच्या पूर्वेचा उतार 6 किलोमीटरमध्येही नीट मावत नाही. खोऱ्यापुरतं प्रारूप आणखी बारीक करणं, इथली पर्जन्यमापकं आणि धरणांचे विसर्ग त्यात घालून पुन्हा पुन्हा चालवून बघणं, हे काम पुण्या-दिल्लीचं नाही. ते इथल्या माणसांनी करायचं आहे आणि त्यासाठी मोठं यंत्र लागतं. यंत्र आहे. पुण्यात पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेत ‘आर्का’ हे महासंगणक यंत्र बसलं आहे, 11.77 पेटाफ्लॉपचं (पेटाफ्लॉप हे महासंगणकाच्या वेगाचं माप). नोएडात त्याचं भावंड ‘अरुणिका’ आहे, 8.24 पेटाफ्लॉपचं. दोन्हींवर मिळून 850 कोटी रुपये खर्च झाले. आधीच्या ‘प्रत्युष’ महासंगणकाला ज्या कामाला दहा तास लागायचे ते आर्का चार तासांत उरकतं, असं शास्त्रज्ञ सांगतात.

मग कोल्हापुरातल्या एखाद्या प्राध्यापकाला सरकारी महासंगणकावर दोन-चारशे तास हवे असतील तर? इथून पुढं बातमी गप्प होते.

अमेरिकेचा पहारा

यंत्रापाशी कुणी जायचं, हा प्रश्न एकदा सगळ्या देशाला विचारला गेला होता, आणि विचारणारा परका होता. ऐंशीच्या दशकात बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेसाठी आपल्याला क्रे कंपनीचं मोठं यंत्र हवं होतं. अमेरिकेनं नाही म्हटलं. दिलं ते त्याहून लहान, क्रे एक्सएमपी-14, आणि तेही दिल्लीत, फक्त हवामानासाठी. अणुबाँब आणि क्षेपणास्त्रांची गणितं त्यावर करायची नाहीत, ही अट. कोण वापरतो आणि कशासाठी वापरतो यावर देखरेखही त्यांची. पैसे आपले, वीज आपली, ढग आपले. आत कुणी जायचं हे मात्र वॉशिंग्टन ठरवणार.

पुढची गोष्ट मराठी वाचकांना सांगायची गरज नाही. 1988 मध्ये पुण्यात देशी महासंगणकासाठी सी-डॅक ही संस्था उभी राहिली, अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याच्या विजय भटकरांनी 1991 मध्ये ‘परम 8000’ महासंगणक करून दाखवला. या गोष्टीचा शेवट आपण नेहमी ‘आणि भारत स्वावलंबी झाला’ असा करतो. मला तो शेवट अर्धाच वाटतो. यंत्र स्वतःचं झालं, पण दारातली यादी कुणाची? परक्या पहारेकऱ्याच्या जागी आपला पहारेकरी आला. तो काय विचारतो, हे बघायला नको का?

तीन दारं

सरकारी संगणकांना ढोबळ मानानं तीन प्रकारची दारं आहेत, आणि आपल्याकडची सगळी गल्लत ती एकच समजण्यातून होते.

पहिलं दार अणुऊर्जा, संरक्षण आणि गुप्तवार्तेचं. तिथं पोलीस पडताळणी होते, आजवर कुठं राहिलात ते विचारतात, गेटवर मोबाइल आणि पेन ड्राइव्ह काढून घेतात. डोक्यावर 1923 चा शासकीय गुपितं कायदा असतो. शिवाय माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम 70 आहे. सरकारनं राजपत्रात एखादी यंत्रणा ‘संरक्षित’ म्हणून जाहीर केली की लेखी आदेशानं ज्यांची नावं दिली तेवढेच आत. बाकी कुणी नुसता शिरण्याचा प्रयत्न केला तरी दहा वर्षांपर्यंत कैद. ‘आधार’चा माहितीसाठा 2015 पासून अशाच संरक्षणाखाली आहे. या दाराबद्दल माझी तक्रार नाही. ते घट्टच हवं.

दुसरं दार आर्कासारख्या रोजच्या कामाच्या यंत्राचं. पहाटेचा अंदाज वेळेवर निघालाच पाहिजे. तिथं कुणा हौशी माणसाचा जॉब, म्हणजे संगणकाला दिलेलं काम, मध्ये घुसला आणि अंदाज रखडला तर कोकणातल्या मच्छीमारानं काय करायचं? म्हणून तिथं परक्याला मज्जाव समजू शकतो. पण मग त्या यंत्रातून बाहेर पडणारे आकडे, नुसते रंगीत नकाशे नव्हेत, तर प्रत्येक चौकटीचे आकडे, अभ्यासकांना सहज मिळाले पाहिजेत. माणूस आत जाऊ शकत नसेल तर निदान माल बाहेर यावा.

तिसरं दार संशोधनाचं. 2015 मध्ये 4,500 कोटींचं राष्ट्रीय सुपरकॉम्प्युटिंग मिशन मंजूर झालं. पुण्यात आयसर या विज्ञान संस्थेत ‘परम ब्रह्म’ आलं. सप्टेंबर 2024 मध्ये पंतप्रधानांनी 130 कोटींचे तीन ‘परम रुद्र’ देशाला दिले, त्यातला एक जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या खगोलशास्त्रज्ञांसाठी. ही यंत्रं मुळात विद्यापीठांसाठी आहेत. इथं गुपित काही नाही. बॅटरीतलं लिथियम कसं सरकतं, प्रथिनाची घडी कशी पडते, आकाशगंगा कशी फिरते, असले प्रश्न. तरी दारातले कागद बघा: संस्थेचा ई-मेल, ओळखपत्र, गाईडची शिफारस, विभागप्रमुखाची सही आणि शिक्का, नियम पाळण्याची हमी. मग लॉगिन मिळणार, मग जॉब रांगेत लागणार.

यातला एकही कागद अवाजवी नाही. पण गडहिंग्लज किंवा वाळव्याच्या एखाद्या महाविद्यालयातला पदार्थविज्ञानाचा शिक्षक डोळ्यासमोर आणा. महाविद्यालयाचा ई-मेल जीमेलवरच चालतो. विभागप्रमुख तोच, म्हणजे शिफारस करणाराही तोच. असल्या यंत्राच्या दारात त्याच्या ओळखीचं कुणी नाही. त्याला कुणी नाकारत नाही. त्याचा अर्ज पुढं सरकतच नाही. आपल्याकडं ‘नाही’ असं उत्तर क्वचित मिळतं, बहुतेक वेळा उत्तरच मिळत नाही.

कुलूप हवंच, पण कशाला?

‘मग काय सगळ्यांना मोकळं सोडायचं?’ असं सुरक्षावाले विचारतील. प्रश्न रास्त आहे. मे 2020 मध्ये एडिंबराचा ‘आर्चर’ महासंगणक बंद करावा लागला. जर्मनी आणि स्वित्झर्लंडमधल्या यंत्रांनाही त्याच दिवसांत फटका बसला. चोर भिंत फोडून आले नव्हते. त्यांनी अधिकृत वापरकर्त्यांची लॉगिन चोरली होती आणि राजरोस दारातून आत आले. आर्चरच्या प्रत्येक वापरकर्त्याला पासवर्ड आणि किल्ल्या बदलाव्या लागल्या.

त्याहून बोलका किस्सा रशियातला. सारोव हे तिथलं अणुबाँबचं बंदिस्त शहर. 2018 मध्ये तिथल्या केंद्रातले काही इंजिनिअर पकडले गेले. बाँबची गणितं करणारा महासंगणक त्यांनी गुपचूप इंटरनेटला जोडून बिटकॉइन काढायला लावला होता. हे लोक बाहेरचे नव्हते. रशियन सरकारनं कसून तपासून आत घेतलेली माणसं होती ती. आपल्या पुण्यातही 2023 मध्ये एका संरक्षण प्रयोगशाळेतल्या बड्या अधिकाऱ्याला दहशतवादविरोधी पथकानं (एटीएस) अटक केली. आरोप म्हणजे दोष नव्हे, पण ज्याच्या खिशात सगळ्यात वरचा पास तोच संशयाच्या भोवऱ्यात आला, एवढं तरी खरं.

म्हणजे पडताळणीनं माणसाचा भूतकाळ कळतो. उद्या तो काय करेल हे कळत नाही. ते कळतं नोंदींवरून. कुणाचा जॉब किती वेळ चालला, कुठल्या पत्त्यावरून लॉगिन झालं, मध्यरात्री अचानक एवढे प्रोसेसर कशाला लागले, यावर ज्याची नजर आहे तो खरा पहारेकरी. अर्जावरचा शिक्का या कामाला उपयोगी पडत नाही.

अमेरिकेचा ऊर्जा विभाग स्वतःच्या घरात हे बरं सांभाळतो. लिव्हरमोर प्रयोगशाळेचा ‘एल कॅपिटन’ महासंगणक अण्वस्त्रांसाठी आहे, तिथं वरच्या दर्जाची सुरक्षा मंजुरी लागते. त्याच विभागाच्या ‘फ्रंटियर’वर मात्र संशोधकांना प्रस्तावाच्या गुणवत्तेवर वेळ मिळतो, प्रस्ताव तज्ज्ञ तपासतात. खातं एकच असलं तरी दोन दारांची गल्लत होत नाही.

आपल्यालाही हे जमतं. नकाशांवर वर्षानुवर्षं असलेली बंधनं सरकारनं फेब्रुवारी 2021 मध्ये सैल केली. देशाचं काही बिघडलं नाही. नद्यांची माहितीसुद्धा बघा. गंगा-ब्रह्मपुत्रा आणि सिंधूची आकडेवारी गोपनीय गणली जाते, कृष्णेची नाही. म्हणजे पंचगंगेचा अभ्यास करायला राष्ट्रीय सुरक्षा आडवी येत नाही, नुसती व्यवस्था आडवी येते.

कोल्हापूरच्या माणसानं केलेली वाट

त्याच मे महिन्यात, 20 तारखेला, खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर गेले. त्यांचा जन्म कोल्हापूरचा, 1938 चा. संख्याशास्त्रज्ञ हुजूरबाजार हे त्यांचे मामा. श्रद्धांजलीच्या लेखांत हॉईल यांच्याबरोबरचं संशोधन आलं, विज्ञानकथा आल्या, पण मला त्यांचं सगळ्यात मोठं काम वेगळंच वाटतं. 1988 मध्ये, सी-डॅक जन्मली त्याच वर्षी, त्यांनी पुण्यात आयुका ही खगोलशास्त्राची संस्था उभारायला घेतली. विद्यापीठ अनुदान आयोगाची ही संस्था विद्यापीठं आणि महाविद्यालयांतल्या शिक्षकांसाठी होती. लहान गावच्या प्राध्यापकाला सहयोगी म्हणून काही वर्षांसाठी निवडायचं, मग त्यानं हवं तेव्हा यावं, राहावं, ग्रंथालय वापरावं, संगणक वापरावा. म्हणजे एकदा नीट पारखायचं आणि मग दर वेळी दारात ताटकळत ठेवायचं नाही. दिल्लीतल्या समित्यांना जे अजून सुचत नाही ते नारळीकरांनी तेव्हाच करून ठेवलं.

त्याच्या शेजारी 2025 चे आकडे ठेवा. सरकारच तेव्हा म्हणत होतं की सुपरकॉम्प्युटिंग मिशनच्या 34 यंत्रांचा लाभ दहा हजारांहून अधिक संशोधकांनी घेतला आणि ते दोनशेहून अधिक संस्थांतले आहेत. देशात विद्यापीठं अकराशेच्या वर, महाविद्यालयं पंचेचाळीस हजार. सगळ्यांनाच महासंगणक लागत नाही, हे मान्य. पण दोनशे?

उपाय महाग नाहीत. शिवाजी विद्यापीठानं कोल्हापूर, सांगली, साताऱ्यातल्या आपल्या महाविद्यालयांसाठी हमीदार व्हावं. शिक्षकाची ओळख आणि प्रस्ताव एकदाच तपासावा आणि पुढचं पत्र स्वतः द्यावं. अर्जाला ठरलेल्या दिवसांत उत्तर मिळावं, नकार असेल तर कारणासकट. भारत फोरकास्ट सिस्टीमचे पंचगंगा खोऱ्यावरचे चौकटवार आकडे अभ्यासकांना खुले व्हावेत. आणि कुठल्या संस्थेला किती तास मिळाले, याची यादी मिशननं दर वर्षी छापावी. त्या यादीत गुप्त ठेवण्याजोगं काहीच नाही. ती आली की कोल्हापूर किती खाली आहे ते दिसेल, आणि भांडायला आकडा तरी हातात येईल.