देवरूखची बाजारपेठ आणि गुरुवारचा आकडा

जून २०२१ मध्ये देवरूखच्या बाजारपेठेत कापडाचे दुकान उघडायचे की नाही, हे दोन आकड्यांवर ठरत होते. पहिला आकडा होता शंभर कोरोना तपासण्यांमागे किती बाधित सापडले याचा, म्हणजे पॉझिटिव्हिटी रेटचा. दुसरा होता प्राणवायूच्या खाटांपैकी किती भरल्या आहेत याचा. दोन्ही आकडे देवरूखचे नव्हते, संगमेश्वर तालुक्याचेही नव्हते. ते अख्ख्या रत्नागिरी जिल्ह्याचे होते.

दुसरी लाट ओसरू लागल्यावर राज्य कसे उघडावे, यासाठी महाराष्ट्र शासनाने ४ जून २०२१ च्या आदेशाने पाच स्तर ठरवले आणि त्यांचा अंमल ७ जूनपासून सुरू केला. आदेश निघण्याआधी एक गोंधळ झाला. ३ जूनला मदत व पुनर्वसन मंत्री विजय वडेट्टीवार यांनी १८ जिल्ह्यांतले निर्बंध उठणार असे जाहीर केले आणि काही तासांतच शासनाने हा प्रस्ताव अजून विचाराधीन असल्याचा खुलासा केला. पुढे मुख्य सचिव सीताराम कुंटे यांच्या सहीने निघालेल्या आदेशात मात्र जिल्ह्यांची यादी नव्हती, मोजपट्टी होती. यादी जाहीर केली की प्रत्येक जिल्ह्याचा पुढारी वाद घालायला मोकळा होतो. मोजपट्टीशी वाद घालणे त्यामानाने अवघड.

मोजपट्टी अशी होती. बाधितांचे प्रमाण ५ टक्क्यांहून कमी आणि प्राणवायूच्या खाटा २५ टक्क्यांहून कमी भरलेल्या असतील तर पहिला स्तर, म्हणजे जवळजवळ सगळे खुले. प्रमाण तेवढेच, पण खाटा २५ ते ४० टक्के भरलेल्या असतील तर दुसरा. प्रमाण ५ ते १० टक्के किंवा खाटा ४० टक्क्यांवर गेल्या तर तिसरा. १० ते २० टक्के किंवा खाटा ६० टक्क्यांवर गेल्या तर चौथा. २० टक्क्यांपुढे किंवा खाटा ७५ टक्क्यांवर गेल्या तर पाचवा. वरच्या दोन स्तरांसाठी दोन्ही अटी पाळाव्या लागत, खालच्या तिन्हींत घसरायला एकच पुरे होती. पाच टक्क्यांची रेघही हवेतून आलेली नव्हती. निर्बंध सैल करण्यापूर्वी हे प्रमाण दोन आठवडे पाच टक्क्यांखाली असावे, असे जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२० मध्येच सुचवले होते.

दर गुरुवारी सार्वजनिक आरोग्य विभागाने आकडे जाहीर करायचे, जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने त्यावरून स्तर ठरवायचा आणि सोमवारपासून तो लागू करायचा, असे चक्र होते. जूनमध्ये रत्नागिरी जिल्हा चौथ्या स्तरात होता. देवरूखपुरता त्याचा अर्थ असा: किराणा, भाजी, औषधे वगैरे अत्यावश्यक दुकाने दुपारी चारपर्यंत, बाकीची बंद. हॉटेलातून फक्त पार्सल. लग्नाला २५ माणसे. कार्यालयात २५ टक्के हजेरी. एसटीत निम्म्या जागांवर प्रवासी, उभ्याने कोणी नाही. संचारबंदी लागू. शेतीच्या कामाला आणि बी-बियाण्यांच्या दुकानांना चारपर्यंत मुभा होती. नाहीतर ऐन पेरणीच्या दिवसांत कोकणातल्या भातशेतीचे हाल झाले असते. शेजारी खताचे दुकान उघडे आणि आपले कापडाचे बंद, हे दुकानदाराच्या पचनी पडणे कठीण होते. पण आदेश तसाच होता.

या सगळ्याच्या मुळाशी असलेला आकडा तयार कसा होत असे, हे पाहण्यासारखे आहे. नाकातून किंवा घशातून स्वॅब घ्यायचा, तो द्रवाच्या नळीत बुडवून बर्फाच्या पेटीत ठेवायचा, नोंदणीचा क्रमांक द्यायचा आणि आरटीपीसीआरसाठी प्रयोगशाळेकडे पाठवायचा. साथीच्या पहिल्या महिन्यांत रत्नागिरी जिल्ह्याचे नमुने घाट चढून मिरजेला जात. जून २०२० मध्ये रत्नागिरीच्या जिल्हा रुग्णालयात प्रयोगशाळा सुरू झाली तेव्हा हा फेरा सुटला. ॲंटिजेन चाचणीचा निकाल जागेवर, अर्ध्या तासात मिळतो, पण तिच्यातून बरेच बाधित निसटतात. दोन्ही चाचण्यांचे निकाल संगणकावर चढवले जात आणि तिथे त्यांची बेरीज होई. लागण झाल्यावर लक्षणे दिसायला काही दिवस जातात, मग तपासणी, मग निकाल, मग आठवड्याची बेरीज, मग गुरुवार, मग सोमवार. म्हणजे ज्या सोमवारी दुकान उघडत किंवा बंद होत असे, त्या दिवशीचा स्तर साधारण दोन आठवड्यांपूर्वीच्या लागणीवर ठरलेला असे.

त्याहून मोठा प्रश्न छेदाचा होता. समजा, बाधितांच्या घरच्या आणि लक्षणे असलेल्या १,००० लोकांची तपासणी केली आणि १२० बाधित निघाले. प्रमाण १२ टक्के, स्तर चौथा. आता त्यात बाजारात, नाक्यावर सहज सापडलेल्या आणखी १,००० जणांची भर घातली आणि त्यांत २० बाधित निघाले. बाधित १४० झाले, प्रमाण ७ टक्क्यांवर आले, स्तर तिसरा. साथ तीच, दुकाने उघडली. शोध नेमका घेणाऱ्या जिल्ह्याला शिक्षा आणि सरसकट स्वॅब घेणाऱ्याला बक्षीस, असा हा हिशेब. खाटांचेही तसेच. रुग्ण ९० आणि खाटा २०० असतील तर ४५ टक्के. आणखी ४० खाटा मांडल्या की ३७.५ टक्के. इथे मात्र आकडा सुधारताना रुग्णाचेही भले होते, एवढा फरक.

मोजणीचा घटक हीदेखील एक निवडच होती. मुंबई, पुणे, ठाणे अशा मोठ्या महानगरपालिकांना स्वतंत्र घटक मानले. बाकी जिल्हा हा घटक. मंडणगडपासून राजापूरपर्यंत नऊ तालुके आणि २०११ च्या जनगणनेनुसार १६ लाखांवर वस्ती असलेल्या रत्नागिरीला एकच स्तर मिळाला. खेड-चिपळूणकडे रुग्ण वाढले की देवरूखची पेठ बंद. तालुकावार स्तर लावता आला असता, पण छोट्या घटकात तपासण्या थोड्या, आणि थोड्या तपासण्यांत टक्केवारी दर आठवड्याला वरखाली उड्या मारते. त्यामुळे जिल्ह्याचा घटक अन्यायाचा असला तरी अडाणीपणाचा नव्हता.

याच काळात संगमेश्वर तालुक्याचे नाव राज्यभर गाजले, ते वेगळ्याच मोजणीमुळे. विषाणूच्या जनुकीय क्रमनिर्धारणासाठी राज्य प्रत्येक जिल्ह्यातून महिन्याला १०० नमुने पाठवत होते. आरोग्यमंत्री राजेश टोपे यांनी जूनच्या तिसऱ्या आठवड्यात सांगितले, की सुमारे ७,५०० नमुन्यांत डेल्टा प्लस या उपप्रकाराचे २१ रुग्ण सापडले आहेत. त्यांतले सर्वाधिक ९ रत्नागिरीचे. डेल्टा प्लसने राज्यात झालेला पहिला मृत्यूही संगमेश्वर तालुक्यातल्या ८० वर्षांच्या वृद्धेचा ठरला. तालुक्यातली काही गावे प्रतिबंधित क्षेत्र झाली.

२५ जूनच्या आदेशाने मोजपट्टीच बदलली. आकडा कितीही चांगला असला तरी कोणताही घटक तिसऱ्या स्तराच्या वर जाणार नाही. प्रमाण काढताना फक्त आरटीपीसीआर धरायची, ॲंटिजेन नाही. निर्बंध सैल करायला दोन आठवड्यांचा कल पाहायचा, कडक करायला थांबायचे नाही. छेदाची पळवाट यातून काहीशी बंद झाली. पण पहिले दोन स्तर कागदावरच उरले आणि प्रमाण पाच टक्क्यांखाली आणण्यासाठी धडपडलेल्या जिल्ह्यांच्या हाती काही लागले नाही. आकड्यांवर चालणारी व्यवस्था तीन आठवड्यांत पुन्हा सावधगिरीच्या अंदाजावर आली, असे म्हटले तर फारसे चुकत नाही.

२ ऑगस्टला बहुतेक जिल्ह्यांत दुकानांची वेळ रात्री आठपर्यंत वाढली. रत्नागिरी मात्र तिसऱ्या स्तरातच ठेवलेल्या ११ जिल्ह्यांत होती. २२ जुलैच्या महापुराने चिपळूण उद्ध्वस्त झाल्याला तेव्हा दोन आठवडेही झाले नव्हते. १५ ऑगस्टपासून दुकाने राज्यभर रात्री दहापर्यंत उघडी राहू लागली आणि राज्याचा काटा नव्या आकड्यावर स्थिरावला: प्राणवायूची रोजची गरज ७०० मेट्रिक टनांवर गेली तर पुन्हा टाळेबंदी. हा आकडा तपासण्या वाढवून कमी करता येत नाही. १० सप्टेंबरच्या गणेशचतुर्थीला चाकरमानी गावी आले ते याच व्यवस्थेत. आदल्या वर्षी त्यांना १० दिवस विलगीकरणात काढावे लागले होते.

४ मार्च २०२२ पासून राज्याने काही जिल्हे पूर्ण खुले केले. लशीची पहिली मात्रा ९० टक्के व दुसरी ७० टक्के लोकांना मिळालेली, बाधितांचे प्रमाण १० टक्क्यांखाली आणि प्राणवायूच्या खाटा ४० टक्क्यांहून कमी भरलेल्या, अशा अटी होत्या. त्यांत बसणारे १४ जिल्हे निघाले आणि ऑगस्टमध्ये मागे ठेवलेली रत्नागिरी त्या यादीत होती. ३१ मार्चला, गुढीपाडव्याच्या दोन दिवस आधी, मंत्रिमंडळाने राज्यातले सर्वच निर्बंध मागे घेण्याचा निर्णय घेतला.