दुटप्पीपणावर निबंध लिहिताना

अकोटच्या महाविद्यालयांत इंग्रजी वाङ्मय शिकणाऱ्यांनो, स्टीव्हन्सनच्या जेकिल-हाइड लघुकादंबरीवर (१८८६) लिहिताना ‘चांगला जेकिल, वाईट हाइड’ एवढ्यावर थांबू नका. दारांपासून सुरुवात करा. जेकिलच्या घराचं दर्शनी दार श्रीमंती थाटाचं. हाइड वापरतो ते मागचं दार पोपडे आलेलं, ना घंटा ना ठोठावायला कडी. वास्तू मात्र एकच.

तुलनेला अत्र्यांचं ‘तो मी नव्हेच’ हे नाटक (१९६२) घ्या. त्यातला लखोबा लोखंडे भर कोर्टात स्वतःला नाकारतो, सुटण्यासाठी. जेकिल तर एकांतात कबुलीजबाब लिहितानाही हाइडला ‘मी’ म्हणू धजत नाही. निबंधाचा कस इथंच लागतो. कथानक सांगण्यात पानं घालवू नका. परीक्षकाला ते पाठ असतं.